उलटे बसवलेले पत्रे

जयराम निरभवण्यांचं घर माझ्या गिरणीच्या बरोबर समोर. मधे फक्त बारा फुटांचा रस्ता. ओझरच्या या कॉलनीत मी बावीस वर्षं दळण दळतेय. त्यामुळे कुणाच्या घरात गहू किती आणि भांडणं किती, हे मला विचारावं लागत नाही. डबा घेऊन येणारी बाई आपणहून सांगते. पुढचं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी स्वतः पाहिलंय आणि निम्मं लताबाईंच्या तोंडून ऐकलंय. लताबाई म्हणजे जयरामभाऊंची बायको. बाई कमी बोलते, पण बोलते ते खरं बोलते.

जयरामभाऊंनी विमानाच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं रिव्हेट मारले. पंखाचा पत्रा आतल्या सांगाड्याला पक्का करायचा, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाचा त्यांना केवढा अभिमान! तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि वडिलांनी बांधलेल्या या तीन खोल्यांच्या घरात राहायला आले. भिंती विटांच्या, वर सिमेंटचे पत्रे. स्लॅबचा विषय दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी मागे पडायचा.

माणूस सरळ आहे, पण शिस्तीचं वेड. दळणाच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने तारीख घालून आणणार. गिरणीत आले की माझा पट्टा बोटाने दाबून बघणार आणि म्हणणार, ताई, ढिला झालाय. दोनदा खरंच ढिला निघाला, म्हणून मी गप्प बसते. कारखान्यातली एक गोष्ट ते येता-जाता ऐकवायचे. तिथे म्हणे प्रत्येक कामाचं कार्ड असतं. एका जागी काम करणाऱ्याची सही, दुसऱ्या जागी तपासणाऱ्याची सही आणि खाली शेऱ्याची एक ओळ. आपण केलेलं काम आपण पास करायचं नाही, मग तुम्ही कितीही मोठे कारागीर असा. हे मी चाळीस वेळा तरी ऐकलं असेल. नेमकं तेच ते विसरले, पण ते पुढे.

मार्च संपता संपता गारपीट झाली. दुपारी चारला आभाळ काळंनिळं झालं आणि दहा मिनिटं आवळ्याएवढ्या गारा पडल्या. माझ्या गिरणीवर स्लॅब आहे, मी दारात उभी राहून बघत होते. समोरच्या छपरावर गार पडली की आधी ठाप् आवाज यायचा आणि मग आत काहीतरी फुटल्याचा. तीस वर्षांचे पत्रे ते, चाळणी झाली त्यांची. लताबाईंनी पहिल्यांदा भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो काढले, मांडीवर घेतले आणि छत्री उघडून पलंगावर बसून राहिल्या. गारा थांबल्यावर मी गेले तर तशाच बसलेल्या. मला म्हणाल्या, आता अंजलीला कुठे आणू?

अंजली त्यांची एकुलती एक मुलगी. दिलेली मनमाडला, नवरा दिनेश रेल्वेत. तिला तेव्हा सातवा महिना चालू होता, डॉक्टरांनी तारीख दिली होती जूनच्या मध्याची. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे काही कागदावर लिहिलेलं नसतं, पण ते झालं नाही तर आईच्या जिवाला लागतं. लताबाईंची स्वतःची आई लवकर गेली, त्यांचं बाळंतपण क्वार्टरमध्ये शेजारणींनी केलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं, आपल्या लेकीचं आपण आपल्या हातांनी करायचं. डिंक, हळीव, बाळाची दुपटी, सगळं त्यांनी फेब्रुवारीतच आणून ठेवलेलं. राहिलं होतं ते डोक्यावरचं छप्पर.

स्लॅब टाकावा तर एवढ्यात होण्यासारखा नव्हता. लोखंडी पत्रे टाकायचे ठरलं. पुंजाला बोलावलं. पुंजा या भागात सगळ्यांचे पत्रे टाकतो. काटकुळा माणूस, जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर चढला की फक्त हुकांच्या रेघेवर पाय ठेवून चालतो, कारण पत्रा पेलणारा लोखंडी अँगल खाली तिथेच असतो. त्याने छप्पर बघितलं, मापं घेतली आणि सांगितलं की पन्हाळी पत्रे आणा, हुक मी आणतो. मग बोलता बोलता म्हणाला की भोक हुकापेक्षा जरा मोठंच पाडायचं, आणि पाडायचं पत्र्याच्या उंचवट्यावर.

झालं! जयरामभाऊंचं डोकंच फिरलं. हुकापेक्षा मोठं भोक? कारखान्यात रिव्हेटपेक्षा केसभर मोठं भोक पडलं तर अख्खा पत्रा बाद व्हायचा. त्यांनी पुंजाला तिथेच उभं करून अर्धा तास भोक म्हणजे काय ते समजावलं. पुंजाने ऐकून घेतलं. त्याला गारपिटीमुळे वीस ठिकाणची बोलावणी होती. जाताना एवढंच म्हणाला, "काका, पत्रा उन्हात लय हलतो. त्याला हलायला जागा ठिवा." जयरामभाऊ हसले. विमान केवढ्या वेगाने जातं, त्याचा पत्रा हलत नाही, आणि हा म्हणे घराचा पत्रा हलतो. छप्पर आपणच टाकायचं, असं त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं.

जेनू काम तेनू थाय, दुजा करे सो गोता खाय, असं माझे सासरे म्हणायचे. मी ते बोलून दाखवलं नाही. शेजारधर्म असतो.

महिनाभर आम्ही ते काम बघत होतो. आधी जुने पत्रे उतरवले. उतरवलेल्या प्रत्येक पत्र्यावरच्या भोकांभोवती पेन्सिलीने गोल काढले आणि वहीत आकडा लिहिला. फेकायच्या पत्र्यावरची भोकं मोजणारा माणूस मी तरी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मग नवीन निळे पत्रे आले. जयरामभाऊ डोक्याला रुमाल बांधून सकाळी सहाला वर चढायचे. लताबाई खालून रिव्हेटचा डबा, ड्रिल, पाणी असं एकेक वर द्यायच्या. दर चार बोटांवर एक रिव्हेट. पत्रा खालच्या अँगलला जिथे टेकतो त्या खोलगट नाळीत रिव्हेट, पत्र्याला पत्रा जोडतो तिथे रिव्हेट, प्रत्येकाभोवती काळ्या मलमासारखं काहीतरी लावलेलं. रांगा अशा सरळ की लोक मुद्दाम बघायला यायचे. खोटं कशाला बोलू, दिसायला फार सुंदर छप्पर होतं. एप्रिलच्या शेवटी काम संपलं. आतल्या दारावरच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: काम, ज. निरभवणे. तपासणी, ज. निरभवणे. शेरा, उत्तम. मी वाचून गालातल्या गालात हसले. लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, पाणी टाकून बघायला नको का हो? मी म्हटलं, त्यांना विचारा. त्यांनी विचारलं. जयरामभाऊ म्हणाले, गरज नाही.

मेच्या दहा तारखेला अंजली आली. सातव्यातलं डोहाळजेवण सासरी झालं होतं, तरी लताबाईंनी इथे पुन्हा घाट घातला. आम्ही बायका जमलो, हिरव्या बांगड्या भरल्या, अंजली लाजली, सगळं यथासांग झालं. आणि दहा दिवसांच्या मळभानंतर त्याच दिवशी कडक ऊन पडलं, तसा साडेअकराला डोक्यावर ठण्ण असा आवाज झाला. कुणीतरी दगड मारला म्हणून मी बाहेर आले, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. थोड्या वेळाने पुन्हा. मग एकामागून एक. मेचं ऊन ते, पत्रा तापला की फुगायला बघतो आणि जयरामभाऊंनी तर त्याला चहूबाजूंनी जखडून टाकलेला. संध्याकाळी गार व्हायला लागला की पुन्हा तोच तमाशा. अंजली दुपारी जरा आडवी झाली की दचकून उठायची, पोटावर हात ठेवून बसायची. जयरामभाऊ म्हणायचे, नवीन आहे, बसेल जागेवर. रोज म्हणायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हळू आवाजात म्हणायला लागले.

एकवीस तारखेला दुपारी वळीव आला. वारा, धूळ आणि मग झोडपून पाऊस. आवाजांनी जे काम अकरा दिवस केलं होतं ते आता कळलं. रिव्हेटची भोकं ओढून ओढून लांबट झाली होती, वरचं मलम तडकलं होतं, आणि रिव्हेट सगळे नाळीत, जिथून पाणी वाहतं तिथेच. सरळ रांगेत मारलेले रिव्हेट सरळ रांगेत गळायला लागले. अंजली पलंगावर होती. तिला माझ्याकडे आणली तेव्हा तिची साडी खांद्यापासून ओली होती आणि ती हसत होती, बाबांना वाईट वाटू नये म्हणून. पोर गुणाची आहे.

दिनेश दुसऱ्या दिवशी मनमाडहून आला. तो काही वाईट बोलला नाही. चहा घेतला, वर पाहिलं, म्हणाला की आमच्या क्वार्टरला स्लॅब आहे, आई आहे, दवाखाना जवळ आहे, उगाच धोका कशाला. त्याच्यावर कुणी काय बोलणार? मी माझी खोली देते म्हटलं, पण जावई सासुरवाडीच्या शेजारणीच्या खोलीत बायकोला कशाला ठेवील! लताबाईंनी डिंकाचा डबा, हळीव, दुपटी, सगळं पिशवीत भरून त्याच्या हातात दिलं. रिक्षा वळणाआड गेली. लताबाई रस्त्यातच उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, "तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची विमानं उडवलीत. माझ्या लेकीच्या डोक्यावर एक छप्पर घालता आलं नाही." आवाज चढलेला नव्हता. मी गिरणी बंद करून ऐकत होते, म्हणून ऐकू आलं. जयरामभाऊ तसेच आत गेले, आणि मला त्या दिवशी त्यांची खरंच कीव आली, एवढा महिना हसू आलं होतं तरी.

 तिसऱ्या दिवशी सकाळी जयरामभाऊ पुंजाकडे गेले. तारखेला अजून तीन आठवडे होते. छप्पर आठ-दहा दिवसांत झालं तर अंजलीला पुन्हा आणता येईल, असा त्यांचा हिशोब. पुंजा म्हणाला, हात रिकामा नाही. पाच घरं उघडी पडलीत, ती टाकून तुमच्याकडे आलो तर लोक मला दारात उभं करणार नाहीत. जयरामभाऊंनी तोडगा काढला. पुंजाच्या हाताखालचा गडी गावी गेला होता. मी येतो त्याच्या जागी, म्हणाले. पाच घरं लवकर उरकली तर माझी पाळी लवकर येईल.

आणि गेले की हो! कारखान्यात ज्यांच्या हाताखाली पंधरा माणसं होती ते जयराम निरभवणे दहा दिवस शिडी धरत होते, हुक देत होते, जुने पत्रे डोक्यावरून वाहत होते. कॉलनीतले लोक बोलले, कुणी मागून, कुणी तोंडावर. त्यांनी मान वर केली नाही. पहिले दोन दिवस पुंजालाच अवघडल्यासारखं झालं, तो म्हणे त्यांना काम सांगताना आधी खाकरायचा. तिसऱ्या दिवसापासून नीट ओरडायला लागला. एकदा दळणाला आले तेव्हा मी विचारलं, काय शिकलात भाऊ? ते म्हणाले, भोक मोठं असतं, पण हुकावरचा डांबरी वायसर, चकती हो, त्याला झाकतो. पत्रा वायसरखाली सरकतो. किती साधं आहे ताई. आणि माझा पट्टा न बघता निघून गेले.

जूनच्या चार तारखेला पुंजा जयरामभाऊंच्या छपरावर चढला. बराच वेळ बसून रिव्हेटच्या रांगा बघत राहिला. हात चांगला हाय तुमचा, म्हणाला. अडचण अशी होती की नाळीत शेकडो भोकं पडलेली, म्हणजे पत्रे भंगारातच जायचे. नवे आणायला वेळ नव्हता. मग पुंजालाच सुचलं. "पत्रे पालथे घालू. नाळीचा उंचवटा होतो अन् उंचवट्याची नाळ. तुमची भोकं समदी वर येतील. काही हुकाला वापरू, बाकीची वायसर लावून बुजवू."

तसं केलं. एकेक रिव्हेट ड्रिलने उडवला. जयरामभाऊंनी स्वतः उडवला, पुंजाला हात लावू दिला नाही. दोन दिवस पत्रे उलटे करून बसवणं चाललं. निळा रंग घराच्या आत गेला आणि बाहेर राखाडी पाठ आली. बाहेरून छप्पर जुनाट, ठिगळं लावलेलं दिसायला लागलं, कुणी मुद्दाम बघायला यावं असं काही राहिलं नाही. आत मात्र मान वर केली की सगळं निळं.

सहा तारखेला काम संपलं. जयरामभाऊंनी भिंतीवरचं जुनं लिहिलेलं थिनरने पुसलं आणि नवीन लिहिलं: काम, पुंजा. मदत, ज. निरभवणे. तपासणी, आणि पुढे मोकळी जागा. शेरा, आणि मोकळी जागा. मग पेन्सिल लताबाईंसमोर धरली आणि म्हणाले, "या वेळी पास मी करणार नाही. तू कर."

माझ्या गिरणीच्या नळाला पाइप जोडून पुंजाने तासभर वरून पाणी मारलं. लताबाई अंजलीच्या पलंगावर उताण्या पडून छताकडे बघत होत्या. मी पायाशी बसले होते. एक थेंब आला नाही. तरी त्या उठल्या आणि पेन्सिल परत दिली. नळाचं पाणी वेगळं आणि पाऊस वेगळा, म्हणाल्या, पाऊस होऊन जाऊ दे. पण फोन मात्र लगेच लावला. अंजली यायला तयार होती, दिनेशही हो म्हणाला. रविवारी, आठ तारखेला आणायचं ठरलं. लताबाईंनी पलंगावर नवी चादर घातली. पंधरा दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं मी पाहिलं.

शनिवारी सकाळी दहाला मनमाडहून फोन आला. आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासूने सगळं नीट केलं.

लताबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मला द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, मुलगी झाली ताई, आणि तिथेच गव्हाच्या पोत्यावर बसून रडल्या. मी गिरणी चालू ठेवली, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. दुपारच्या पॅसेंजरने दोघं मनमाडला गेले, नात बघून आले. जयरामभाऊ तिथे पाच मिनिटंच आत बसले म्हणे, बाकी वेळ क्वार्टरच्या पायरीवर.

सव्वा महिन्याने अंजली बाळ घेऊन आली. सृष्टी नाव ठेवलं होतं. जुलैतला तिसरा आठवडा होता. त्या दुपारी असा पाऊस लागला की समोरचं घर मला दिसेना. थांबल्यावर मी सुंठवड्याचा डबा घेऊन गेले. अंजली झोपली होती. बाळ पलंगावर उताणं, उघड्या डोळ्यांनी वरच्या निळ्या पत्र्याकडे बघत पाय झाडत होतं. लताबाई बाजूला बसलेल्या. दुपटं कोरडं, चादर कोरडी. जयरामभाऊ दारात उभे होते, आत आले नव्हते आणि विचारतही नव्हते.

"पेन्सिल कुठे आहे?" लताबाई म्हणाल्या.

त्यांनी खिशातून काढून दिली. महिनाभर खिशातच ठेवली असावी. लताबाई स्टुलावर चढल्या. सातवी झालेल्या बाईचं गोल गोल अक्षर. तपासणीपुढे लिहिलं: लता. मग शेऱ्यापुढे लिहिलं: गळत नाही. उशीर झाला.

मला वाटलं आता भांडण होणार, निदान जयरामभाऊ काहीतरी समजावून सांगणार. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "शेरा बरोबर आहे," म्हणाले, आणि बायकोला स्टुलावरून उतरायला हात दिला. तो हात तिने धरला. मग चहा टाकला.

दिवाळीच्या आधी त्यांनी सगळ्या घराला स्वतः रंग दिला. दारावरची तेवढी एक वीतभर जागा सोडून बाकी भिंत पांढरी केलीय.